१९५७ चं फिल्मफेअर: दोघी 'नाही' म्हणाल्या, आणि जुन्या पुरस्कारांबद्दल एकूणच

जुनीकॅसेट

जुन्या हिंदी सिनेमाच्या पुरस्कारांचा विषय निघाला की गाडी दरवेळी "अमक्याला मिळायला हवं होतं, तमक्याला उगाच दिलं" या स्टेशनावर येऊन थांबते. ते वाद मलाही आवडतात, इथेही होऊ देत, पण मला आधी एका वर्षाबद्दल लिहायचंय कारण त्याबद्दल एकत्र लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही.

१९५७ चं फिल्मफेअर. पुरस्कार सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पहिला समारंभ २१ मार्च १९५४ ला मुंबईत मेट्रो थिएटरमध्ये झाला, तेव्हा त्यांना 'क्लेअर' म्हणायचे, टाइम्सच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. मोजून पाच पुरस्कार होते: चित्रपट आणि दिग्दर्शक 'दो बिघा जमीन' आणि बिमल रॉय, नट दिलीपकुमार ('दाग'), नटी मीनाकुमारी आणि संगीत नौशाद (दोघंही 'बैजू बावरा'). निवड फिल्मफेअर नियतकालिकाच्या वाचकांच्या मतांवर. बाकी कथा, कॅमेरा, संकलन, सहाय्यक भूमिका वगैरे पुढच्या वर्षांत हळूहळू आलं. पण गाणारा? गीत लिहिणारा? त्यांचा पत्ताच नाही.

आता १९५७. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना संगीताचा पुरस्कार जाहीर झाला, आणि जयकिशन लताबाईंकडे गेला की समारंभात 'रसिक बलमा' गा. त्या नाही म्हणाल्या. हे त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय: पुरस्कार संगीतकाराला आहे, गायिकेला नाही, गीतकाराला नाही, मग गाणं वाद्यांवरच वाजवा की, शब्द आणि आवाज कशाला हवाय. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या हो! आणि समोर इंडस्ट्रीतली सगळ्यात चलती असलेली जोडी, जिच्याकडे त्यांची स्वतःची बरीच गाणी असायची.

त्याच वर्षी वैजयंतीमालाला 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसाठी सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि तिने तो घेतला नाही. म्हणणं सरळ होतं, चंद्रमुखी ही पारोच्या तोडीची भूमिका आहे, सहाय्यक नाही. फिल्मफेअर नाकारणारी ती पहिलीच.

दोघींचं भांडण एकच होतं असं मला वाटतं. मला बक्षीस द्या असं कुणीच म्हणत नव्हतं, माझं काम नक्की कुठल्या खात्यात मांडताय ते सांगा, एवढंच. दोन वर्षांनी, १९५९ ला, फिल्मफेअरने पार्श्वगायन आणि गीतकार दोन्ही पुरस्कार सुरू केले. गायनाचा पहिला लताबाईंनाच, 'मधुमती'चं 'आजा रे परदेसी', आणि गीताचा शैलेंद्रला, 'यहुदी'साठी. म्हणजे ज्या गीतकारांसाठी त्या बोलल्या होत्या त्यांच्याही पदरात पडलं.

माझं मत असं की जुने पुरस्कार समजून घ्यायचे तर कोण जिंकलं यापेक्षा कुठल्या कामाला बक्षीसच नव्हतं हे आधी बघावं. तुम्हाला काय वाटतं लिहा.

---

बोरकूट

छान धागा. पण मी त्याच स्टेशनावर उतरणार, इलाज नाही. १९६१. मधुबालाला 'मुघल-ए-आझम'साठी नामांकन होतं आणि पुरस्कार बीना रॉयला, 'घूंघट'साठी. बीना रॉय चांगली नटी, तिच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण अनारकली? साखळदंडात गायलेलं ते 'बेकस पे करम कीजिए'? मधुबालाला आयुष्यात तेवढं एकच नामांकन मिळालं हे वाचल्यावर मला दिवसभर काही सुचलं नव्हतं.

आणि संगीतही नौशादला नाही, शंकर-जयकिशनला, 'दिल अपना और प्रीत परायी'. दिग्दर्शन बिमल रॉय 'परख'साठी, नट दिलीपकुमारच पण 'कोहिनूर'साठी!! मुघल-ए-आझमच्या वाट्याला काय, तर चित्रपट, संवाद आणि कॅमेरा. वाचकांची मतं म्हणतात ना, मग वाचकांनी त्या वर्षी नक्की काय बघितलं असा प्रश्न पडतो.

---

तिसरीघंटा

बोरकूट, मतं म्हटली की लोकप्रियतेचं वारं आलंच. त्या बाजूला सरकारी पुरस्कार होते, तिथे निवड समिती असायची, आणि तिथला पहिलाच मान मराठीचा आहे हे या धाग्यात आलंच पाहिजे.

१९५३ च्या सिनेमांसाठी १९५४ मध्ये पहिले राज्य पुरस्कार दिले (आत्ताचे राष्ट्रीय पुरस्कार). सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला, आचार्य अत्र्यांच्या. 'दो बिघा जमीन'ला तिथे प्रशस्तिपत्र. म्हणजे ज्या सिनेमाने फिल्मफेअरचा पहिला मान पटकावला, फ्रान्सच्या कान महोत्सवात बक्षीस घेतलं, तो दिल्लीत आपल्या श्यामच्या मागे होता. पुढच्या वर्षी अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला मराठीसाठी रौप्यपदक. लागोपाठ दोन वर्षं! अत्र्यांनी सिनेमात केवढे पैसे घातले, किती वेळा बुडाले, लोक काय काय बोलले, आणि त्याच माणसाने हे करून दाखवलं, मला तर आजही लिहिताना ऊर भरून येतो.

पण जुनीकॅसेट यांचा मुद्दा इथेही लागू आहे बघा. श्यामच्या आईची वनमालाबाईंनी केलेली भूमिका ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, आणि लहानगा माधव वझे. दोघांनाही वेगळं पदक नाही, कारण अभिनयाला पदकच नव्हतं. ते सुरू झालं १९६७ च्या सिनेमांपासून, उत्तमकुमार आणि नर्गिस हे पहिले मानकरी. म्हणजे पहिली चौदा वर्षं दिल्लीच्या लेखी सिनेमा होता, नट नव्हते.

---

निळीशाई

प्राणचा किस्सा कुणीतरी लिहील म्हणून थांबले होते, आता मीच लिहिते.

१९७३. 'बेईमान'साठी प्राणला सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्याने तो नाकारला. कारण स्वतःचं काहीच नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'साठी गुलाम मोहम्मदना मिळायला हवा होता, आणि तो गेला शंकर-जयकिशनना, तोही 'बेईमान'साठीच, म्हणजे प्राणच्या स्वतःच्या सिनेमाला! आपल्याच सिनेमाला मिळालेल्या बक्षिसाविरुद्ध बोलायचं, आणि तेही अशा माणसासाठी जो हयात नाही. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले होते, पाकीजा पडद्यावर आलेला त्यांनी पाहिलाही नाही. त्यांच्या बाजूने बोलून प्राणला काय मिळणार होतं? पडद्यावर आयुष्यभर खलनायकी केलेला माणूस.

मीनाकुमारीही सिनेमा लागल्यावर काही आठवड्यांत गेली, ३१ मार्च १९७२. तिलाही नाही मिळाला, त्या वर्षी 'सीता और गीता'साठी हेमामालिनी. पाकीजाच्या हाती एकच फिल्मफेअर लागलं, कलादिग्दर्शनाचं, आणि ते एन. बी. कुलकर्णींचं. तो गुलाबी महाल, त्या पाण्याच्या कारंजांमधून दिसणारी लांबच लांब कोठ्यांची रांग जिथे प्रत्येक सज्जात एकेक नर्तकी वेगळी नाचत असते आणि पुढे मीनाकुमारी 'इन्हीं लोगों ने' म्हणत असते, ती मागची रांग एकदा मुद्दाम बघा, नायिकेकडे न बघता.

---

हार्मोनियम

गायनाच्या पुरस्काराबद्दल भर घालतो, कारण १९५९ ला प्रश्न सुटला असं नाही, अर्धाच सुटला.

पहिली नऊ वर्षं (१९५९ ते ६७) पुरुष आणि बाई मिळून एकच पुरस्कार होता. त्यात रफी चार वेळा, लता तीन वेळा, मुकेश एकदा ('अनाडी'), महेंद्र कपूर एकदा ('गुमराह'चं 'चलो इक बार फिर से'). संपलं. आशाबाई शून्य. ज्या वर्षांत 'अभी ना जाओ छोडकर' आणि 'आईये मेहरबाँ' झाली त्या वर्षांत शून्य. गीता दत्तला कधीच नाही. तलत मेहमूदला कधीच नाही, आणि त्याची सगळ्यात बहरातली वर्षं तर पुरस्कार सुरू व्हायच्या आधीच सरली होती.

१९६८ ला दोन वेगळे पुरस्कार केले आणि त्याच वर्षी आशाबाई, 'दस लाख'. पुढच्या वर्षी परत, 'शिकार'. मग एकूण सात. आवाज तोच होता, फक्त दार उघडलं. आणि १९७० च्या पुरस्कारानंतर लताबाईंनी सांगून टाकलं की आता मला नको, नव्यांना द्या. त्यामुळे वाणी जयराम वगैरे पुढे दिसू लागल्या. मन्ना डेंना पहिलं फिल्मफेअर १९७२ ला मिळालं, 'ए भाय जरा देख के चलो'साठी. त्याआधीची त्यांची सगळी शास्त्रीय बाजाची गाणी आठवा आणि गप्प बसा.

संगीतकारांत माझं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आपले अण्णा, सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस, 'अनारकली', 'आझाद', 'नवरंग', एकही फिल्मफेअर नाही. मदन मोहन, एकही नाही (त्यांना निदान 'दस्तक'साठी राष्ट्रीय मिळालं). 'गाईड'ला १९६७ ला सात पुरस्कार, चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, सगळं, आणि संगीत? 'सूरज'. सचिनदांचं (एस. डी. बर्मन) 'गाईड' सोडून 'सूरज'. शंकर-जयकिशनना एकूण नऊ मिळाले आणि त्यातले काही शंभर टक्के त्यांच्या हक्काचे आहेत, पण हा नव्हता.

---

बोरकूट

+१ गाईडला. "दिन ढल जाये" एकटं पुरे होतं.

---

मसालेभात

एक विचारू का? एवढं सगळं वाचून शेवटी या पुरस्कारांना किंमत किती द्यायची? ऋषी कपूरने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय की 'बॉबी'च्या वेळी पुरस्कारासाठी पैसे मोजले म्हणून. समोर अमिताभ 'जंजीर'साठी होता. एकदा हे वाचल्यावर माझा तरी या सगळ्यावरचा जीव उडाला. मतं, ज्युरी, नामांकन, सगळं बाहेरून बघायला.

---

जुनीकॅसेट

मसालेभात, प्रश्न रास्त आहे, आणि ते वाचून मलाही वाईट वाटलं होतं. पण मी किंमत वेगळ्या ठिकाणी शोधतो. नट-नटी, चित्रपट या वरच्या खात्यांमध्ये चढाओढ होती, पैसा होता, प्रसिद्धी होती, तिथे काय वाट्टेल ते होऊ शकत होतं. खालच्या खात्यांत, संकलन, कला, सहाय्यक भूमिका, तिथे विकत घेऊन कुणाचं काय भलं होणार? तिथली यादी काढून बघा, फार प्रामाणिक वाटते, आणि त्यात आपली माणसं किती आहेत!

सहाय्यक अभिनेत्री, सलग पाच वर्षं देतो. १९६० ललिता पवार, १९६१ नंदा ('आंचल'), १९६२ निरुपा रॉय, १९६३ शशिकला ('आरती'), १९६४ पुन्हा शशिकला ('गुमराह'). पाचातले चार मराठी मुलींचे. मास्टर विनायकांची लेक नंदा, सोलापूरची जवळकरांची पोर शशिकला, आणि येवल्यात जन्मलेली ललिता पवार. आणि मुख्य अभिनेत्रीत समर्थांची नूतन, तिने तर पाच घेतले, पहिला त्याच १९५७ च्या समारंभात, 'सीमा'साठी. (त्याच समारंभात चित्रपट आणि दिग्दर्शन दोन्ही शांतारामबापूंना, 'झनक झनक पायल बाजे'. एका वर्षात काय काय होतं बघा.)

ललिताबाईंबद्दल थोडं जास्त लिहितो. १९४२ मध्ये एका शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगासारखं झालं, डाव्या डोळ्याला कायमचं अधूपण आलं. नायिका म्हणून कारकीर्द तिथे संपली. तोच बारीक झालेला डोळा घेऊन त्यांनी खाष्ट सासवा केल्या आणि अख्ख्या देशाने त्यांना शिव्या घातल्या. आणि पुरस्कार मिळाला तो कशासाठी, तर 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी, तोंडाने फटकळ आणि पोटात माया असलेली घरमालकीण. राज कपूरवर ओरडत असतानाच तो डोळा कसा मऊ होतो ते बघा, ज्या डोळ्याने सगळं हिरावलं त्याच डोळ्याने काम केलंय. हा पुरस्कार कुणी विकत घेतला म्हणेल का?

---

फोर्टवाला

या धाग्यात अजून एक मराठी नाव यायचं राहिलंय, आणि ते तर प्रत्येक फिल्मफेअरमध्ये असतं. पुरस्कार म्हणून देतात ती काळी बाहुलीच मुळात मराठी हातातली आहे. शिल्पकार एन. जी. पानसरे. टाइम्सचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली पानसऱ्यांनी ती घडवली, दोन्ही हात डोक्यावर उचललेली नाचणारी बाई. ब्राँझची. रौप्यमहोत्सवाला चांदीत केली, पन्नाशीला सोन्यात.

माझं ऑफिस फोर्टात आहे. महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अश्युरन्सची १९३६ ची इमारत आहे, तिच्या दर्शनी भिंतीवरचं शिल्पकाम पानसऱ्यांचंच. वरपर्यंत गेलेल्या उंच मानवी आकृत्या, खाली कामकरी माणसं, शेतकरी, सूत कातणाऱ्या बाया. समोरच्या फुटपाथवरून बघितलं तर त्या आकृत्यांचे सरळ ताठ खांदे आणि एकाच रेषेत वर गेलेलं शरीर दिसतं, आणि मग बाहुली आठवा, तीच सवय, अंग लांबवून वर नेण्याची. रोज हजारो लोक खालून जातात. लाखो लोकांनी टीव्हीवर ती बाहुली पाहिलीय. माणसाचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

---

न्यूजर्सीकर

फोर्टवाला, फार आभार, पुढच्या भारतवारीत नक्की बघणार ती इमारत.

खालच्या खात्यांचं म्हणाल तर 'शोले'! नऊ नामांकनं आणि एकच पुरस्कार, संकलनाचा, एम. एस. शिंदे. १९७६ ला बाकीचं बरंचसं 'दीवार'ने नेलं. इथे आमच्या मंडळाने मोठ्या पडद्यावर शोले दाखवला होता, आणि तेव्हा मी ठरवून फक्त कटिंग बघितलं. ठाकूरच्या घरचं हत्याकांड. झोपाळा करकरतोय, सगळे पडलेत, तो लहान मुलगा उभा, गब्बर घोड्यावरून बंदूक रोखतो, आणि गोळी लागताना आपण बघतच नाही, एकदम आगगाडीची शिट्टी आणि ठाकूर गाडीतून उतरतोय. पुढे तो कोवळा अहमद, त्याचं काय झालं ते दाखवतच नाहीत, गब्बर हातावरचा मुंगळा चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून प्रेत गावात येतं. लोकांना शोले हिंसक वाटतो आणि सगळ्यात भयंकर दोन गोष्टी त्यात दाखवलेल्याच नाहीत. संवाद पाठ असणारे शेकडो भेटतात, शिंद्यांचं नाव घेणारा क्वचित.

---

निळीशाई

'कागज के फूल'पण घ्या या यादीत. गुरुदत्तला दिग्दर्शनाचं फिल्मफेअर कधी मिळालं नाही, 'प्यासा'ला काहीच नाही. 'कागज के फूल' पडला, लोकांनी नाकारला, पण १९६० ला कॅमेऱ्यासाठी व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शनासाठी एम. आर. आचरेकर, दोन पुरस्कार मिळाले. स्टुडिओच्या अंधारात वरून येणारा तो उन्हाचा झोत मूर्तींनी आरशांवरून ऊन आत फिरवून आणला, आणि तो ज्या रिकाम्या स्टुडिओत पडतो ती जागा आचरेकरांची. 'आवारा'तलं स्वप्नदृश्य उभं करणारे तेच. मुळात चित्रकार माणूस. लोकांनी पाठ फिरवलेल्या सिनेमात कारागिरांनी काय केलंय हे तेव्हाही कुणाला तरी दिसलं, याचं मला फार समाधान वाटतं.

---

कोल्हापुरीसाज

सगळं हिंदीच चाललंय म्हणून आमच्या कोल्हापूरचं सांगते.

महाराष्ट्र शासनाचे चित्रपट पुरस्कार १९६३ ला सुरू झाले, पहिला मान 'प्रपंच'ला. पण खरी गोष्ट १९६६ ची. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'ला आठ पुरस्कार. त्यात संगीतकार आनंदघन. हा आनंदघन 'मोहित्यांची मंजुळा'पासून भालजींच्या सिनेमांना संगीत देत होता आणि पडद्यावर नुसतं नाव. समारंभात आनंदघन असं नाव पुकारलं आणि मग जाहीर झालं की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, त्या इथेच बसल्या आहेत! मग त्या उठून गेल्या. 'ऐरणीच्या देवा तुला' ला गाण्याचाही पुरस्कार मिळाला, शब्द आमच्या जगदीश खेबुडकरांचे. भात्याचा सूर आणि ऐरणीवरचा घाव ठेक्यात धरून बांधलेली चाल आहे ती, लोहाराच्या पालासमोरून गेल्याशिवाय अशी चाल सुचत नाही.

जुनीकॅसेट, तुम्ही १९५७ मध्ये गायिकेला बक्षीस नाही म्हणून अडून बसलेली लता सांगितलीत. नऊ वर्षांनी तिलाच संगीतकार म्हणून बक्षीस मिळतंय आणि ती नाव लपवून बसलीय. मला दोन्ही बायका एकच वाटतात, कामाचं श्रेय ज्याचं त्याला जावं आणि नावाच्या दबावाखाली जाऊ नये.

---

जुनीकॅसेट

कोल्हापुरीसाज, हा धागा काढला तेव्हा आनंदघन डोक्यात नव्हता आणि तुम्ही अगदी योग्य जागी आणून बसवलात. खूप छान.

---

तिसरीघंटा

मराठीचं निघालंच आहे तर सगळ्यात जुनं. 'संत तुकाराम', प्रभात, दामले-फत्तेलाल, १९३६. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ ला गौरव झाला, परदेशी महोत्सवात मान मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय सिनेमांपैकी एक. फिल्मफेअर नव्हतं, राष्ट्रीय नव्हतं, स्वातंत्र्यसुद्धा नव्हतं. आणि त्या गौरवाचा मूळ कागद गहाळ झाला होता, कित्येक वर्षं! शेवटी २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे तो परत आला. प्रभातच्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर.

---

मसालेभात

वाचतोय सगळं. ललिता पवार आणि शिंदे वाचून परत एकदा 'अनाडी' आणि 'शोले' लावणार आहे. एक शंका, वेशभूषेचं काय? भानू अथैय्यांना ऑस्कर मिळालं १९८३ ला, 'गांधी'साठी, त्याआधी इथे काही मिळालं होतं का?

---

कोल्हापुरीसाज

फिल्मफेअरमध्ये तेव्हा वेशभूषेला पुरस्कारच नव्हता हो, तो १९९५ ला आला. भानूताई पण कोल्हापूरच्याच. 'सीआयडी'पासून काम करत होत्या, 'साहिब बीबी और गुलाम' त्यांचा, 'गाईड'मधली वहिदा त्यांची. 'साहिब बीबी'ला १९६३ ला चित्रपट, दिग्दर्शन, नटी, कॅमेरा असे चार मिळाले. छोटी बहूच्या (म्हणजे मीनाकुमारीच्या भूमिकेच्या) त्या साड्या आणि दागिने हा निम्मा अभिनय आहे आणि त्याचं खातंच नाही. यावर वेगळा धागा हवा.

---

निळीशाई

काढा तुम्ही धागा, मी छोटी बहूच्या साड्यांवर लिहिते. फोर्टवाला, जमलं तर पानसऱ्यांच्या त्या भिंतीचे फोटो इथे टाका ना, सकाळच्या उन्हातले.

---

फोर्टवाला

टाकतो सोमवारी.